दुसरा उकार

धक्का म्हणावा असा तो धक्काही नव्हता. स्कूटरचं पुढचं चाक कशाला तरी टेकलं, काहीतरी मऊ, आणि थांबलं. चाक दप्तराला टेकलं होतं, दप्तर पाठीवर होतं आणि पाठ सात-आठ वर्षांच्या एका मुलीची होती, हे त्याला एकेक करून कळत गेलं. मुलगी दोन पावलं पुढे धडपडली, सावरली आणि मागे वळून त्याच्याकडे बघत उभी राहिली. रडलीबिडली नाही. तिची पाण्याची बाटली तेवढी घरंगळत गटाराच्या जाळीपर्यंत गेली. त्याच्या उजव्या मुठीत ब्रेक होता आणि डाव्या हातात फोन. फोन अजून वर धरलेलाच होता, आणि त्याच्या डोक्यात त्या क्षणी एकच विचार होता, तो म्हणजे फोटो नीट आला की नाही. हा विचार आपल्या डोक्यात होता हे पुढे दिवसभर तो स्वतःपासून लपवायला बघणार होता आणि ते त्याला काही केल्या जमणार नव्हतं.

"डोळे फुटले का हो तुमचे?" शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई गळ्यातली शिट्टी सावरत धावत आली. हातातली लाल गोल पाटी तिने त्याच्या नाकासमोर धरली आणि मग तीच पाटी वर केली, खांबाकडे. "एवढं मोठं लिहून ठेवलंय डोक्यावर. वाचता येत नाही का?"

वाचता येत नाही का! अठ्ठावीस वर्षं तो फलक विभागात मुद्रितशोधक होता. शहरातली एकही पाटी त्याच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय खांबावर चढत नव्हती. वळण धोक्याचे आहे, काम चालू रस्ता बंद, येथे थुंकू नये. 'थुंकू'मधला शेवटचा ऊ दीर्घ, हे त्याने चार अभियंते आणि दोन उपायुक्त यांना तोंडावर शिकवलं होतं. अख्ख्या शहराला वाचायला लावणाऱ्या माणसाला ही शिट्टीवाली विचारते, वाचता येत नाही का. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग तो जे बोलला ते बोलताना त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"पाटीच चुकली आहे," तो म्हणाला. "मूल चुकलंय तिथे."

बाईने मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पोरगी चुकली?" तिचा आवाज एकदम खाली आला. "पोरीच्या अंगावर गाडी घालता आणि वर पोरीचीच चूक काढता?"

"मुलगी नाही हो, मूल. मूल हा शब्द. त्याला दुसरा उकार हवा, त्यांनी पहिला दिलाय. मी फक्त त्याचा फोटो—"

तो थांबला. 'फक्त' हा शब्द त्याच्याच तोंडातून गेला होता. बाई अजून बघतच होती. तिच्या नजरेत राग असता तर त्याला चाललं असतं, रागाशी भांडता येतं. तिथे तुच्छता होती. ती त्याला चांगली ओळखू आली, कारण आयुष्यभर त्याने दुसऱ्यांकडे नेमकं असंच पाहिलं होतं. "चल गं," बाई मुलीला म्हणाली. "यांना नको उत्तर देऊ. याचं डोकं ठिकाणावर नाही." 'यांना' म्हणून सुरू केलेलं बोलणं तिने 'याचं'वर संपवलं, आणि ती चूक मात्र त्याने बरोबर टिपली.

आता हा माणूस कोण, तर कचेरीत त्याला पाठीमागे 'ह्रस्वदीर्घ' म्हणत. "ह्रस्वदीर्घ आलेत का?" "आलेत, आज दीर्घ आहेत," म्हणजे स्वारी तापलेली आहे. त्याला हे नाव ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. फक्त ते लिहिताना लोक 'र्‍हस्व' लिहितात एवढीच त्याची तक्रार होती. त्याच्या मते जगात दोन जातीची माणसं होती, एक ज्यांना चूक दिसते आणि दुसरी ज्यांना दिसत नाही, आणि दुसऱ्या जातीने पहिलीचं ऐकून घ्यावं यापलीकडे त्याला समाजाकडून काही नको होतं. बायकोने याला कंटाळून घरात चिठ्ठ्या लिहिणंच सोडलं होतं. दुधाचं सांगायचं असलं तरी ती तोंडाने सांगे. शेजाऱ्याच्या दारावर 'कुत्र्या पासून सावध' असं तोडून लिहिलेलं होतं, तर हा गृहस्थ रोज जातायेता त्या मोकळ्या जागेकडे बघून नाक मुरडायचा आणि कुत्र्याकडे त्याचं कधी लक्षच जायचं नाही. हे कुत्रं त्याला एकदा चावलंही होतं. तेव्हासुद्धा डॉक्टरच्या पाटीवर 'तज्ञ' लिहिलेलं पाहून तो पायातून रक्त गळत असताना तिथे वाद घालत बसला होता.

शाळांसमोरच्या या नव्या पाट्या हे त्याचं लाडकं काम. मसुदा आला होता तो असा: 'वाहन चालविताना भ्रमणध्वनीचा वापर कटाक्षाने टाळावा. समोर मुले आहेत.' भ्रमणध्वनी! हा शब्द वाचून होईपर्यंत गाडी वर्गात शिरेल, असं त्याने समासात लाल शाईने लिहून मसुदा परत पाठवला होता. ज्याने तो लिहिला त्या अधिकाऱ्याला फोन कानाला लावूनच गाडी हाकताना त्याने दोनदा पाहिलं होतं. सगळे तसलेच. सिग्नलला थांबले की मांडीवर बघतात, मान अशी खाली जाते की कोणाला वाटावं पश्चात्ताप चाललाय. शाळेपुढच्या वळणावर एक आई आपल्याच पोराला मागे बसवून पुढे फोन खांद्यात दाबून बोलत जाते, आणि बोलते काय, तर भाजी काय करू. या लोकांना पाटी लावून उपयोग नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण पाटी शुद्ध असली पाहिजे. ते न वाचोत, आपली बाजू शुद्ध राहते. आणि आज सकाळी कोपऱ्यावर वळल्यावर त्याने नव्याकोऱ्या पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत वाचलं, 'फोन ठेवा. समोर मुल आहे.' मुल. आखूड, खुडलेलं, पहिल्या उकाराचं. एकटं असलं की ते मूल, दीर्घ. अनेक झाली की मुले, ह्रस्व. तिसरीतल्या पोराला येतं. आणि हे सदतीस शाळांसमोर लागलं असणार. थांबून फोटो काढावा हे त्याला सुचलंच नाही. थांबलं की मागच्यांचं हॉर्न वाजवणं नको, आणि कचेरीत साडेनऊच्या आत पोचून अक्षरं कापणाऱ्या रेडियमच्या तोंडावर पुरावा मारायचा होता. त्याचा डावा हात आपला आपण खिशात गेला.

स्कूटर चालवत तो कचेरीकडे निघाला खरा, पण कधी नव्हे ते पाट्या दिसत नव्हत्या. फक्त. मी फक्त फोटो. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मेहुण्यांनी, ताईच्या नवऱ्याने, हेच म्हटलं होतं. "मी फक्त बघितलं, कोणाचा आहे ते." वाजणारा फोन बाजूच्या सीटवर होता, त्यांनी फक्त मान वळवली, आणि मान परत सरळ झाली तेव्हा शाळेतून सुटलेला एक मुलगा गाडीखाली होता. तो मुलगा गेला. मेहुण्यांनी कोर्टात काही लपवलं नाही, वकिलाने शिकवलेलं एकही वाक्य बोलले नाहीत, दिलेली शिक्षा भोगली आणि परत आल्यावर पुन्हा कुठल्या चाकावर बसले नाहीत. बाजारात, दवाखान्यात, दुसऱ्या टोकाच्या नातेवाइकांकडेही ते पायी जात. ह्रस्वदीर्घला यातलं काही दिसलं नव्हतं. त्याच्या कानात राहिला तो 'फक्त'. काय माणूस आहे, पोर मारलंन आणि म्हणतो फक्त! क्रियाविशेषण लावून गुन्हा लहान करता येतो असं वाटतं यांना. ताईने तेव्हा निरोप धाडला होता की तू ये, घरात कोणी बोलायलासुद्धा येत नाही. त्याने एका ओळीचं पत्र पाठवलं, 'त्या माणसाच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही.' पाठवण्याआधी ते दोनदा तपासलं होतं. त्यात एकही चूक नव्हती.

आईमागे ताईनेच त्याला वाढवलं होतं. पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती तीही तिनेच, स्वतःला नीट येत नसताना. तिचा हात त्याच्या हातावर असे आणि ती म्हणे, "खाली शेपूट दे, इकडून का तिकडून ते मास्तरांना विचार." त्याने मास्तरांना विचारलं, आणि त्या दिवसापासून तो ताईच्या पुढे गेला आणि ती मागे राहिली ती राहिलीच. चार दिवसांपूर्वी तिचा मेसेज आला होता. 'गुरवारी दुपारी आम्ही हे घर सोडतोय. लांब जातोय, परत येण होणार नाही. हे काही म्हणत नाहीत पण वाट बघतात. एकदा येउन जा.' त्याने तो वाचला आणि आधी 'गुरवारी' दिसलं, मग 'येण', मग 'येउन'. तीन चुका मनातल्या मनात दुरुस्त केल्यावर त्याला वाटलं, आपण उत्तर दिलं. आज गुरुवार होता.

रेडियम म्हणजे कार्यशाळेतला अक्षरं कापणारा. चमकणाऱ्या कागदाची अक्षरं मशीनवर कापून पत्र्यावर चिकटवायची, हे त्याचं काम. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, सदा तोंडात वेलदोडा. ह्रस्वदीर्घ कार्यशाळेत शिरला तो टेबलावर हात आपटतच. बोलताना आपला आवाज किंचाळल्यासारखा येतोय हे त्याला कळत होतं, आणि आपण इतके का ओरडतोय हेही कळत होतं. ओरडणं थांबलं की दुसरं काहीतरी ऐकू येणार होतं.

"सदतीस पाट्या! सदतीस! मूल लिहिता येत नाही तुम्हाला? डोळ्यांना काय रेडियम चिकटवलंय?"

रेडियमने वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "कुठला उकार हवा होता साहेब, पहिला का दुसरा?"

"दुसरा! दुसरा! लहान पोराला विचारा!"

"मग तुम्ही दुसरा द्यायचा होता की." तो शांतपणे उठला, खिळ्याला लटकवलेली फाइल काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एक कागद पुढे सरकवला. "आम्ही तुमच्या शाईबाहेर एक टिंब कापत नाही. कापलं तर तुम्ही आमची सालं काढता."

कागदावर दुसऱ्यांदा आलेला मसुदा छापलेला होता, 'फोन ठेवा. समोर मुले आहेत.' आणि त्यावर लाल शाई होती, त्याची शाई, त्याचा तिरका झटका. 'मुले'वरची मात्रा खोडलेली. 'आहेत'मधला त खोडलेला. खाली सही. मात्रा काढली होती आणि खालचा उकार तसाच ठेवला होता, पहिला, अनेकवचनाचा. अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासणारा माणूसच करील अशी चूक होती ती. नवशिक्याने अख्खा शब्द खोडून नव्याने लिहिला असता. तो कागदाकडे बघत राहिला. ती दुपार त्याला आठवली. मुले म्हटल्यावर कोणाला काय वाटतं, मुले म्हणजे गर्दी, गोंगाट. एक म्हणा, एकच, समोर उभं असलेलं, असं त्याच्या मनात आलं होतं, आणि ते एक त्याने कधी न पाहिलेलं, सहा वर्षांपूर्वीचं, गाडीखाली गेलेलं मूल होतं. मेहुण्यांच्या तोंडावर फेकल्यासारखीच त्याने ती मात्रा खोडली होती. बघा, एक होतं. त्या तोऱ्यात खाली बघायचं राहिलं. वर बघत होता, म्हणून खालचं मूल त्याला दिसलं नाही.

"बघू फोटो," रेडियम म्हणाला. "एखाद्या पाटीत आमचाही दोष असेल, सांगता येत नाही."

त्याने फोन काढला. फोटो हलला होता. पिवळा पत्रा वरच्या कोपऱ्यात तिरपा गेला होता, अक्षरं पुसट झाली होती, उकार पहिला की दुसरा हे कोणालाही सांगता आलं नसतं. स्वच्छ आली होती ती खालच्या बाजूला मुलगी. एक पाय फुटपाथवर, एक रस्त्यावर, दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरलेले, आणि तोंड सरळ फोनकडे. ती हसत होती. कोणीतरी आपला फोटो काढतंय असं वाटून ती रस्त्यात थांबली होती, मान थोडी कलती करून, लहान मुलं थांबतात तशी. फोटो झाला असं वाटून ती पुढे चालायला वळली असणार, आणि तेवढ्यात चाक दप्तराला टेकलं.

रेडियमने चष्मा वर सरकवला. पाटीकडे त्याने पाहिलंच नाही. "ही कोण? तुमची नात का? गोड आहे."

ह्रस्वदीर्घने पाठ फिरवली आणि कार्यशाळेच्या मोरीत जाऊन नळ सोडला. पाण्याचा आवाज होत होता आणि तो दोन्ही हात त्याखाली धरून उभा होता. स्वतःची किळस येणं म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. प्रत्यक्षात ती दातांच्या मुळांशी येते, पितळ चाटल्यासारखी. डावा हात अर्ध्या सेकंदाने मागे आला असता तर? चाक एक वीत पुढे गेलं असतं तर? आणि तेव्हा आपण बाईला काय म्हणालो असतो? हेच. मूल चुकलंय. मेलेल्या पोरापुढे उभं राहून आपण हेच म्हणालो असतो, व्याकरणासकट. मेहुण्यांनी निदान 'मी बघितलं' असं म्हटलं होतं. त्यांच्या वाक्यात मी होता, कर्ता जागेवर होता. आपल्या वाक्यात चुकणारं मूल होतं. सहा वर्षं ज्या माणसाला आपण किड्यासारखं झटकलं त्याच्यात आणि आपल्यात एका वितीचा फरक, आणि तोही आपण केलेला नव्हे. दप्तर जाड होतं, ब्रेक नवा होता, एवढंच. नळ बंद करायला रेडियमला यावं लागलं. "बरं नाही का साहेब?" त्याने विचारलं. "दुरुस्ती होईल हो. पहिल्याचा दुसरा करायला कितीसं लागतं, शेपूट फिरवायचं नुसतं."

ताईचं घर शहराच्या जुन्या भागात, दुसऱ्या मजल्यावर. स्कूटर कचेरीतच ठेवून तो चालत गेला, तासभर लागला. या रस्त्याने मेहुणे सुटून आल्यापासून चालत होते. वाटेत पाट्या होत्याच, चुकलेल्याही होत्या, आणि त्या त्याला दिसतही होत्या. सवय अशी एका दिवसात सुटत नाही. खाली टेम्पो उभा होता. जिन्यात भिंतीला लावून खोकी ठेवली होती आणि त्यांवर मेहुण्यांच्या थोराड अक्षरात काळ्या खडूने लिहिलेलं होतं: काचेची भांडि. पुस्तक जूनी. चादरि. त्याच्या उजव्या हाताची बोटं खिशातल्या लाल पेनापर्यंत गेली. गेलीच. मग त्याने पेन खिशातून काढलं आणि जिन्याच्या खिडकीत ठेवून दिलं.

दार उघडंच होतं. खोली रिकामी झाल्यामुळे आवाज घुमत होता. ताई स्वयंपाकघरात पाठमोरी काहीतरी पुसत होती, तिने वळून पाहिलं, हातातलं फडकं तसंच राहिलं, आणि "आलास?" एवढंच म्हणाली. तिचे केस पांढरे झालेले त्याने पाहिले नव्हते. मेहुणे खोलीच्या मध्यावर गुडघे टेकून एका खोक्याला सुतळी बांधत होते. ते वाळले होते. त्यांनी वर पाहिलं आणि परत खाली. त्या नजरेत अपेक्षा नव्हती, तक्रार नव्हती, यायचं तर ये असंही नव्हतं.

येताना त्याने बोलायची तीन वाक्यं तयार केली होती. तिन्ही शुद्ध होती, आणि तिन्हींत 'क्षमा' हा शब्द होता. उंबऱ्यात उभं राहिल्यावर त्याला त्यांची शिसारी आली.

"भावोजी," तो म्हणाला, "आज सकाळी शाळेपुढे माझ्या हातात फोन होता."

सुतळी थांबली. मेहुण्यांचा चेहरा हळूहळू वर आला आणि त्याचा रंग उतरत गेलेला त्याला दिसला, सहा वर्षं अंगात मुरलेलं काहीतरी परत वर आल्यासारखा. ताईने तोंडावर हात ठेवला. मेहुण्यांनी कसा, कुठे, केव्हा, काही विचारलं नाही. ओठ दोनदा हलले आणि मग एकच शब्द आला.

"मूल?"

केवढा लांबला तो ऊ. व्याकरणात त्याला लागणाऱ्या वेळापेक्षा कितीतरी जास्त.

"वाचलं," तो म्हणाला.

मेहुण्यांनी डोळे मिटले. त्यांची छाती एकदा भरून आली आणि खाली बसली. मग त्यांनी सुतळी पुन्हा ओढून घेतली, खोक्यावर आडवी-उभी फिरवली आणि निरगाठीपाशी थांबले.

"इथे बोट ठेव," ते म्हणाले. "एकट्याने सैल राहते."

तो खाली बसला आणि त्याने गाठीवर बोट ठेवलं. खोक्यावर 'भांडि' लिहिलेलं होतं. मेहुण्यांनी गाठ आवळली, त्याचं बोट आत सापडलं, आणि त्याने ते लगेच काढून घेतलं नाही.